बक्षिसाविना मागणाऱ्या मंदाकिनीताई

ज्या कृपेवाचून जीभ उचलत नाही आणि जिच्या स्पर्शाने मौनही फलद्रूप होते, त्या परमेश्वरी कृपेला प्रथम वंदन. तिने आज माझ्या लेखणीला सत्य द्यावे, आणि जमले तर सत्यासोबत थोडा संयमही द्यावा. ज्या विषयावर लिहावयास बसलो आहे तो आठवला की माझा संयम टिकत नाही.

डॉ. मंदाकिनी उमरेडकर यांना यंदा पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. आयर्लंडच्या सरकारी रुग्णालयांत भूलतज्ज्ञ म्हणून त्यांनी जी सेवा केली, तिच्याविषयी या गौरवग्रंथात त्यांचे सहकारी अधिकाराने लिहितील. माझ्याकडे आला आहे तो त्यांच्या निवृत्तीनंतरच्या कार्याचा भाग. नास गावाबाहेर, कालव्याच्या रस्त्याला, क्वेकर मंडळींचे एक जुने दगडी घर आहे. क्वेकर हा ख्रिस्ती लोकांतला एक लहानसा पंथ. त्यांच्या उपासनेत पुरोहित नाही, मूर्ती नाही, गायन नाही. सगळे एकत्र शांत बसतात, आणि आतून हाक आली तरच कोणी उठून दोन शब्द बोलतो. या घरात विस्मृतीचा आजार जडलेल्या वृद्धांना दिवसभर सांभाळतात. येणाऱ्याचा धर्म किंवा देश विचारत नाहीत. या घरासाठी निधी उभारण्याची धुरा गेली कित्येक वर्षे ताईंच्या खांद्यावर आहे.

माझी पत्नी सुमती त्या घरी जाते. तेव्हा हा लेख तटस्थ नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. त्या घराचे दार उघडे राहते की मिटते, यावर आम्हा दोघांचे उरलेले दिवस कसे जायचे ते ठरत आले आहे.

ताईंची माझी पहिली ओळख संक्रांतीच्या हळदीकुंकवाला झाली. चिरंजीव अभय नास येथील रुग्णालयात डॉक्टर आहे. त्याच्याकडे आम्ही कायमचे राहावयास आलो त्याला तेव्हा थोडेच महिने झाले होते, आणि सुमतीच्या स्मरणाची वीण नुकती उसवू लागली होती. भाड्याच्या सभागृहात आपली सगळी मंडळी जमलेली. सुमतीला खुर्चीवर बसवले मात्र, एकामागून एक सुवासिनी समोर येऊन उभ्या राहू लागल्या. "काकू, ओळखलंत का मला?" "सांगा बघू मी कोण?" "अहो, परवाच नाही का भेटलो आपण? आठवा, आठवा!" या सगळ्या शिकलेल्या बायका, काही तर डॉक्टर. सुमती पदराचे टोक बोटांनी ओढत कसनुसे हसत होती. मी नुसता जळत होतो. परक्या देशात, पाहुण्यांच्या गर्दीत, भांडण तरी कोणाशी काढावयाचे?

तोच मागून आवाज आला, "तुम्ही आपलं नाव सांगून द्या नं. त्यांची परीक्षा कशाला घेता?"

"अहो मंदाताई, गंमत केली हो."

"असं होय? मग मी पण करते. मागच्या संक्रांतीला तुम्ही कोणती साडी नेसल्या होत्या, सांगा बरं. आठवा, आठवा! नाही? अरेरे."

ज्यांना उद्देशून हे बोलणे होते त्या बाई लालबुंद झाल्या. ताईंचे तिकडे लक्षही नव्हते. त्या खुर्चीशेजारी खाली सतरंजीवर बसल्या आणि सुमतीला म्हणाल्या, "मी मंदाकिनी. नागपूरची. आता मी तुमच्या शेजारी बसते आहे. आता तुमचा हात हातात घेते आहे हं." सुमतीचा हात पदरावरून सुटला आणि ताईंच्या हातात गेला.

जे करावयाचे ते आधी सांगून मग करावयाचे, ही ताईंची भूलतज्ज्ञाची सवय. शुद्ध हरपणाऱ्या माणसाला भीती वाटते ती न सांगता लागलेल्या हाताची, असे त्या म्हणतात. पुढे सुमती कोणालाच केसांना हात लावू देईना, मला तर वेणी घालता येत नाही, तेव्हा ताई दुपारी घरी येत. "आता कंगवा लावते आहे. आता थोडं ओढल्यासारखं होईल. झालं, आता पेड घालते." अशी प्रत्येक गोष्ट त्या सांगत, आणि जी सुमती सुनेच्या अंगावर धावून जाई ती डोळे मिटून बसे. आज कालव्यावरच्या त्या घरातले सगळे सेवक असेच सांगून स्पर्श करतात. ताईंनी त्यांना त्याविषयी कधी व्याख्यान दिले नाही. त्यांनी पाहिले आणि उचलले.

त्या घरात सुमतीला प्रथम घेऊन गेलो तेव्हा माझ्या मनात किंतु होता, हे नाकारीत नाही. जन्मभर संध्या केलेला माणूस मी. ख्रिस्ती लोकांच्या घरात पत्नीला बसवावयाची म्हणजे काय? आत गेलो तर मोठ्या खिडकीच्या खोलीत वीसेक माणसे गप्प बसलेली. कोणी कोणाला काही विचारत नव्हते. ज्यांच्यापाशी उत्तरे उरलेली नाहीत त्यांना प्रश्नच न विचारण्याची केवढी ही दया! सुमती बसली आणि थोड्या वेळाने तिची बोटे थांबली. आपल्या ऋषींनी जे मौन गुहांत जाऊन साधले ते इथे चहाच्या कपांसोबत मांडून ठेवलेले पाहून माझा किंतु मिटला.

आता ताईंच्या कार्यपद्धतीविषयी. निधी कसा उभारावा याचा सल्ला देणारे एक गृहस्थ मध्यंतरी डब्लिनहून आले होते. त्यांनी सुचवले की घरातल्या वृद्धांची छायाचित्रे काढावीत, डोळ्यांत पाणी असेल तर उत्तम, आणि ती सर्वत्र पाठवावीत. ताईंनी त्यांना अगदी नम्रपणे विचारले, "तुमच्या आईंचा फोटो आहे का तुमच्याजवळ? आपण त्यांच्यापासून सुरुवात करू." गृहस्थांनी चहा अर्धा टाकला.

ताईंची रीत साधी आहे. एखाद्याच्या घरी जावयाचे, दिला तो चहा घ्यावयाचा, घराला काय हवे ते एकदा स्पष्ट सांगावयाचे आणि मग गप्प बसावयाचे. त्या गप्प बसण्याचा धसका साऱ्या परगण्यात आहे. एका मोठ्या गोठ्याच्या मालकाकडे मी त्यांच्यासोबत गेलो होतो. ताईंचे सांगून झाले. भिंतीवरचे घड्याळ ऐकू येऊ लागले. तो बापडा खुर्चीत चुळबुळ करू लागला, कुत्र्याला बाहेर घालवून आला, पुन्हा बसला आणि शेवटी कळवळून म्हणाला, "डॉक्टर, देवाच्यानं काहीतरी बोला. नाहीतर मी घाबरून एखादी गाय देऊन बसेन!"

"गायीला ठेवायला जागा नाही आमच्याकडे," ताई म्हणाल्या आणि पुन्हा गप्प झाल्या. त्याने पुढच्या हिवाळ्याच्या जळणाची सगळी सोय केली.

त्या घरात देणगीदारांचा फलक नाही, हे आपल्यापैकी अनेकांना खुपते. आपल्याच एका सद्गृहस्थांनी बागेतल्या बाकासाठी पैसे देऊ केले; अट एवढीच की मातोश्रींच्या नावाची पितळी पाटी बाकावर हवी. ताई म्हणाल्या, "बाक घेते. पाटी नको."

"मग लोकांना कळणार कसं?"

"कोणाला कळायला पाहिजे आहे? आईंना? त्यांना कळलं असेल."

बाक आला नाही. तो पितळेचा तुकडा त्या गृहस्थांना मातेपेक्षा थोर वाटला, असेच मी समजतो. यज्ञात आहुती सोडताना दर वेळी 'हे माझे नव्हे' असे म्हणावयाचे असते. हे लोक घरी सत्यनारायण करतात, होम करतात, ते शब्द पुरोहितामागून म्हणतात, आणि बाहेर येऊन बाकावर स्वतःचे नाव कोरू पाहतात. मग होमात नेमके काय जळाले, तूप की आणखी काही?

ताईंनी धर्म बदलला, अशीही कुजबूज मी वारंवार ऐकली आहे. मी एकदा त्यांना सरळच विचारले होते. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं त्या लोकांत बसते आहे, गुरुजी. मला हे विचारणारे तुम्ही पहिले." त्यांच्या घरी देवघर आहे, तिथे रोज दिवा लागतो, आणि रविवारी त्या क्वेकरांच्या मौनात बसतात. ज्यांना यात विसंगती दिसते त्यांनी आपापल्या देवघरातली धूळ आधी पुसावी.

यापुढचा प्रसंग लिहू नये, अशी सूचना मला संपादक मंडळाकडून आली आहे. 'शुभकार्यात वाद नको' असे त्यांचे म्हणणे. मी त्यांचा आदर करतो आणि सूचना अमान्य करतो. जिच्यावर उघड्या तोंडाने आरोप झाले तिचा गौरव मिटल्या तोंडाने करता येत नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षी, पावसाळी महिन्यांत, त्या घराच्या छपराच्या दगडी पाट्या सुटल्या आणि आढ्याचे लाकूड कुजलेले निघाले. विमा कंपनीने कळवले की हिवाळ्याआधी नव्या छपराची सोय झाली नाही, तर ते होईपर्यंत घरात कोणालाही बसवता येणार नाही. काम मोठे होते. हिवाळ्याआधी निधी जमला तर दार उघडे राहणार, नाहीतर बंद. आमच्या घरी याचा अर्थ काय होता तो सुमतीच्या बोटांना विचारावा.

ताई त्याच सुमारास बहिणीच्या आजारपणासाठी नागपूरला गेल्या होत्या. इकडे आपल्या मराठी मंडळाने दिवाळीच्या कार्यक्रमाचे सारे उत्पन्न या घराला द्यावयाचे ठरवले. हेतू निर्मळ होता, हे मी आजही म्हणतो. मंडळाचे अध्यक्ष समीर हे डब्लिनजवळ डून लेरीला राहणारे, संगणक क्षेत्रातले, तडफदार तरुण. त्यांनी उत्साहाने लकी ड्रॉ काढला. एका दुकानदाराने पहिले बक्षीस म्हणून मोठा टीव्ही दिला. तिकिटे हातोहात खपली. रुग्णालयातल्या आयरिश परिचारिकांनीसुद्धा घेतली. छपराला पुरेल इतकी रक्कम उभी राहिली. समीरने पुठ्ठ्याचा दारापेक्षा रुंद चेक बनवून घेतला आणि तो डून लेरीहून डार्ट या लोकल गाडीतून, मग दुसऱ्या गाडीतून, लोकांची माफी मागत मागत नासपर्यंत आणला. सगळे हसले, टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

मात्र एक गोष्ट आपल्यापैकी कोणाला ठाऊक नव्हती. क्वेकर लोक नशिबावर लावलेला पैसा घेत नाहीत. सोडत, लॉटरी, पैज, कशाचाच नाही. एकाच्या हरण्यातून दुसऱ्याला मिळते ते देवाच्या कामाला लावू नये, अशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची धारणा. या देशात शाळा, देवळे, खेळाचे क्लब सगळे सोडत काढतात, तेव्हा समीरला तरी कशी शंका यावी?

ताई परतल्यावर घराच्या समितीची बैठक झाली. रुग्णांच्या नातेवाइकांचा प्रतिनिधी म्हणून मी तेथे होतो, म्हणून पुढचे सारे ऐकीव नाही. त्या लोकांत मतदान नसते. सगळे शांत बसतात, बोलतात, पुन्हा शांत बसतात, आणि सर्वांचे मन एक झाले तरच निर्णय होतो. एकाचाही अंतरात्मा आड आला तर होत नाही. समितीचे काम पाहणाऱ्या हेझल नावाच्या वृद्ध आयरिश बाई फार मवाळ आहेत. त्या म्हणाल्या, "त्यांना ठाऊक असण्याचं कारण नाही. किती प्रेमाने केलंय त्यांनी. त्यांच्या रीती वेगळ्या आहेत. या एका वेळेला आपण अपवाद करू या. त्यांची मनं दुखवायला नकोत." एकेक मान डोलली. मला वाटले, वाचलो. डोळ्यांपुढे खिडकीजवळची सुमतीची खुर्ची आली.

मग ताई उठल्या.

"मी याच्या आड उभी आहे," त्या म्हणाल्या.

हेझलबाईंनी विचारले, "का, मंदाकिनी?"

"गावातल्या क्लबने सोडतीचे पैसे आणले होते, ते आपण परत केले. तेव्हा त्यांची मनं दुखतील असं कोणी म्हणालं नाही. आयरिश माणसाला आपण कारण सांगतो आणि त्याला ते समजेल असं धरून चालतो. मग माझ्याच लोकांसाठी अपवाद का? त्यांना समजणार नाही म्हणून? ते लहान आहेत म्हणून? तुम्ही हे प्रेमाने करता आहात, मला माहीत आहे. पण पाहुण्याच्या पोराने काच फोडली तर आपण रागावत नाही, तसं हे प्रेम आहे. माझी माणसं या घरात पाहुणी नाहीत. त्यांना घरच्यासारखं 'नाही' म्हणा."

 हेझलबाईंचे डोळे भरून आले. त्या एवढेच म्हणाल्या, "तुझं बरोबर आहे. मला लाज वाटते आहे." पैसे परत करावयाचे ठरले.

मला संताप आला, आणि तो अनाठायी होता असे मी आजही म्हणणार नाही. बाहेर अंगणात मी ताईंना गाठले. "ताई, आपल्या शास्त्रात आपद्धर्म आहे. संकटात नियम शिथिल होतात. तुमच्या तत्त्वाची किंमत माझी बायको मोजणार."

"हो," त्या म्हणाल्या. त्यांनी ते नाकारले नाही. "छप्पर गळतं आहे ही घराची आपत्ती आहे, गुरुजी. आपल्या लोकांना कोणी लहान समजावं आणि त्याबद्दल मी आभार मानावे, ही माझी. माझ्या आपत्तीला तुमच्या शास्त्रात काही सूट आहे का, सांगा."

मी जन्मभर शास्त्रे शिकवली. त्या रात्री पोथ्या काढून ती सूट शोधली, आणि शोधावी लागणे मला मुळीच आवडले नाही.

आपल्या समाजात जे उठले ते असे. 'गोऱ्यांसमोर आपली लाज काढली.' 'आमचा पैसा विटाळाचा, यांचा सोवळ्याचा.' 'बाटलेल्या बाईकडून आणखी काय होणार?' हे संदेश फोनाफोनी फिरले. माझ्याही फोनवर आले. धाडणारे सुशिक्षित, प्रतिष्ठित. जिने भर समितीत एकटीने उभे राहून त्यांना लहान होऊ दिले नाही, तिच्यावरच त्यांना लहान केल्याचा आरोप! समितीत काय झाले ते बाहेर सांगावे असे मी ताईंना विनवले. त्या म्हणाल्या, "ते सांगितलं तर हेझलची बेअब्रू होईल. ती चांगली बाई आहे." हेझलबाईंनी स्वतः हा मजकूर वाचून छापण्यास संमती दिली आहे, म्हणूनच तो आज लिहितो आहे.

समीर तावातावाने ताईंच्या घरी आला तेव्हा मी तिथेच होतो.

"मॅडम, सगळी काउंटी रॅफल काढते. चर्च काढतं, शाळा काढते. तुम्हालाच काय प्रॉब्लेम आहे?"

"समीर, आधी बस. चहा घे."

"चहा नकोय मला."

"मग उभा राहून ऐक. चूक तुझी नाही. तुला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायला मी इथे नव्हते."

"ते ग्रँड आहे, ठीक आहे हो, पण इतक्या लोकांना मी आता काय तोंड दाखवू? पैसे परत घ्या म्हणून सांगत फिरू?"

"तू नको फिरू. मी फिरते. ज्याचे त्याला परत देईन, आणि त्याच दारात उभी राहून बक्षिसाशिवाय मागेन."

"कोणी देणार नाही."

"बघू नं."

"आणि गाडी कोण चालवणार? चारला अंधार पडतो. तुम्हाला अंधारात दिसत नाही, सगळ्यांना माहीत आहे."

ताई काही बोलल्या नाहीत. घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. समीरने कपाळाला हात लावला. "हे तुमचं गप्प बसणं बंद करा हो! येतो मी. पण गाडीतच बसणार. आत येणार नाही, सांगून ठेवतो."

तो सारा हिवाळा त्या दोघांनी घरोघर फिरून काढला. परिचारिकांकडे गेले, अभियंत्यांकडे गेले, पार शॅननच्या कारखान्यांत काम करणाऱ्या आपल्या माणसांकडेही गेले. काहींनी परतीचे पैसे घेऊन 'बरं' म्हणत दार लोटले. काहींनी दारातच उभे करून ऐकवले. एक प्रसंग समीरने मला सांगितला तो वाचकांनी मनात ठेवावा. ज्या दांपत्याला पहिले बक्षीस मिळाले होते त्यांच्या दिवाणखान्यात तो टीव्ही भिंतीवर लावलेला होता, त्यावर क्रिकेट चालले होते. आणि त्या उजेडात बसून त्यांनी तिकिटाचे पैसे परत घेतले. वर म्हणाले, "तत्त्व म्हणजे तत्त्व, मॅडम." ताईंनी नमस्कार केला आणि बाहेर आल्या. समीर मात्र गाडीतून उतरून तरातरा दाराकडे निघाला होता. ताईंनी त्याला बाहीला धरून परत आणले. त्या दिवसापासून तो प्रत्येक घरात ताईंसोबत आत जाऊ लागला. "मॅडम, इथे चहा घेऊ नका, पाचवा होईल," असे दारात बजावी आणि स्वतःच आधी कप उचली.

त्या काळात घर बंद होते. सुमती आमच्याकडे भिंतीकडे तोंड करून बसे, नाहीतर दाराची कडी हलवत राही. पदराचे टोक ओढून ओढून झिजले. मला ती एखाद्या दिवशी 'अहो' म्हणून हाक मारीत असे, ती हाक त्या हिवाळ्यात गेली आणि परत आली नाही. हे मी ताईंना दोष देण्यासाठी लिहीत नाही. पण गौरवग्रंथात थोरांच्या त्यागाची गाणी गाताना तो त्याग कोणाकोणाच्या अंगावर पडला याची नोंद गाळण्याची जी चाल आहे, ती मला मान्य नाही. ताईंनाही नाही. त्या काळात त्या दर दोन दिवसांनी वेणी घालावयास येत आणि परत जाताना माझ्याकडे मान वर करून पाहत नसत.

देणाऱ्यांनी दिले. ज्यांचा आवाज मोठा होता त्यांनी क्वचित दिले. ज्यांची नावे आपल्या मंडळात कोणाला ठाऊक नाहीत त्यांनी दिले. परिचारिकांनी परत आलेले पैसे दारातच पुन्हा ताईंच्या हातात ठेवले. दर्शनी भागाचे छप्पर उन्हाळ्याच्या तोंडाशी पुरे झाले आणि मोठ्या खिडकीची खोली उघडली. सुमती तिथे जाऊन बसली. तिने कोणाला ओळखले नाही. पण बसली, आणि हात मांडीवर स्थिर झाले. मला त्याहून अधिक मागण्याचा अधिकार नाही.

मागच्या बाजूचे छप्पर मात्र अजून झालेले नाही. वरच्या मजल्यावरच्या त्या खोल्यांत आजारी माणसाला आठवडाभर ठेवून घरच्यांना विसावा घेता येत असे. तिथे आज ताडपत्री आहे आणि बादल्या आहेत. आणि आता, ज्यांनी ते संदेश फिरवले त्यांपैकी काही जण याच ग्रंथात ताईंना 'आपल्या समाजाचे भूषण' म्हणून लिहीत आहेत, असे मला कळले आहे. समारंभात शाल येईल, श्रीफळ येईल, मानपत्र येईल. क्वेकरांत मानमरातब मानीत नाहीत. त्यामुळे ताईंनी या ग्रंथालाही आधी विरोधच केला होता. "लिहायचंच असेल तर घराबद्दल लिहा," असे त्या म्हणाल्या. मी त्यांच्याबद्दल लिहिले, कारण घराबद्दल लिहून तुम्ही हलणार नाही हे मला ठाऊक आहे.

म्हणून या लेखाच्या वाचकांना, आणि विशेषतः त्या भूषणकारांना, माझे वडीलकीच्या नात्याने सांगणे आहे. शालीचे पैसे ठेवा. समारंभाच्या दुसऱ्या दिवशी कालव्याच्या रस्त्याला जा. ताई दार उघडतील; तुम्ही काय बोलला होता ते त्यांना आठवत असेल, पण त्या ते तोंडावर आणणार नाहीत. चहा देतील. काय हवे ते एकदा सांगतील आणि मग गप्प बसतील. त्या गप्प बसण्यात थोडा वेळ बसून पाहा. तुमच्या मनात प्रथम स्वतःचे समर्थन येईल, मग राग येईल. उठू नका. त्यानंतर जे येईल ते द्या, आणि नाव न सांगता परत या.

परमेश्वर मंदाकिनीताईंना दीर्घ आणि निरामय आयुष्य देवो. त्यांच्या डोळ्यांना अंधारातही वाट दिसो, गुडघ्यांना जिने चढण्याचे बळ राहो आणि 'नाही' म्हणणारा त्यांचा आवाज कधी न खचो. त्यांना विश्रांती मिळो अशी इच्छा मी करीत नाही. त्या खोल्या कोरड्या झाल्या की ती त्या स्वतः घेतील.

आणि हे वाचणाऱ्या तुम्हा सर्वांचे कल्याण असो. ज्यांच्या घरी कोणी आपल्या माणसांना विसरत चालले आहे त्यांना न विचारणारे शेजारी लाभोत. ज्यांच्यापाशी देण्याजोगे आहे त्यांची मूठ सैल होवो. ज्यांना घ्यावे लागते त्यांची मान ताठ राहो. आपल्या सर्वांच्या डोक्यावर धड छप्पर असो, आणि त्याखाली एखादी जागा दुसऱ्यासाठी मोकळी असो.